धागा तुटत नाही, वाढतो

रेशमाच्या कोशातून धागा काढताना थोडा धागा वाया जातो. आमच्या शेडमध्ये तो कोणी फेकत नाही. कोपऱ्यात एक टोपली आहे, तिच्यात टाकत जायचा. दोन-तीन महिन्यांत टोपली भरते, मग कोणीतरी रिकामपणी त्याचंही जाडंभरडं सूत काढते. किस्स्यांचं तसंच आहे बापा. काम करता करता पडत जातात, तेव्हा कोणी लक्ष देत नाही, आणि एक दिवस पाहावं तर टोपली भरलेली. आमची टोपली अशी शिगोशीग भरली ती पुण्याच्या मॅडम आल्यापासून.

शेड आंधळगावच्या रस्त्यावर आहे. आम्ही आठ बाया, त्यातली मी सपना. उकळलेल्या कोशांतले पाच-सहा बारीक तंतू एकत्र ओढायचे, पायानं चाक फिरवायचं आणि धागा चाकावर गुंडाळत जायचा, एवढंच काम. पण तंतू इतका बारीक की डोळ्याच्या आधी तो बोटाला कळतो. शेजारच्या खोलीत गुलाबकाका मागावर बसतात. आमच्या धाग्याचं कापड तेच विणतात, आणि धाग्यात गाठ सापडली की तिथूनच ओरडतात. आम्हा सगळ्यांवर मास्तर. मास्तर हे नुसतं नाव आहे. त्यांनी शाळेत कधी शिकवलं नाही, आणि गुलाबकाका म्हणतात की शिकलेही फार नाहीत.

*

मॅडम येणार हे आम्हाला मास्तरांकडून कळलं. त्यांना मोठ्या ऑफिसचा फोन आला होता, आणि फोनवर जेवढं ऐकू आलं तेवढं त्यांनी आम्हाला सांगितलं.

"उद्या पुण्याच्या मॅडम येऊन राहिल्या. सगळ्यांची डोकी तपासणार आहेत. टाइमावर या."

दुसऱ्या दिवशी आठही जणी डोक्यावरून न्हाऊन, तेल चोपडून, घट्ट वेण्या घालून हजर. माझ्या शेजारी छाया बसते, ती तर कडुनिंबाचा पाला वाटून लावून आली होती. शेडभर तोच वास.

मॅडम आल्या. माझ्याच वयाच्या असतील, पंचविशीच्या. बॅगेतून कागद काढले, पेन काढला, पण फणी काही निघेना. आमच्यात सगळ्यात मोठ्या बेबीमावशी, म्हणून पहिल्या त्याच पुढं झाल्या. पदर खाली घेतला आणि मॅडमसमोर मान वाकवून बसल्या. मॅडमला वाटलं, एवढी म्हातारी बाई आपल्या पाया पडते आहे. त्या गडबडून त्यांच्याच पाया पडायला वाकल्या.

दोन डोकी एकमेकींवर अशी आपटली की गुलाबकाका माग थांबवून पाहायला आले.

मॅडमचं खरं काम मग समजलं. कामाच्या जागी माणसाच्या मनाला काय होतं, माणूस चुकतो तो कधी चुकतो आणि काहून चुकतो, हे त्यांना पाहायचं होतं. मावशी कपाळ चोळत होत्या. छाया म्हणाली, "म्हणजे डोकंच तपासाले आली, पण आतून!"

*

आता एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही.

मी कामावर लागले त्या पहिल्या दिवशी माझा धागा तुटला. मी आपली सरळ म्हणाले, "तुटला." सगळी चाकं थांबली. बेबीमावशी उठल्या, ओंजळभर पाणी आणून माझ्या चाकावर शिंपडलं, आणि मला विचारलं, "पोरी, हातातली बांगडी फुटली त तू काय म्हणते?"

मी म्हटलं, "वाढली म्हणते."

"मंग धागा काय परका आहे?"

मावशी ढिवराच्या घरच्या. त्यांच्या सासरी रानात ऐनाच्या झाडावर कोसा, म्हणजे रेशमाचे किडे, पाळायचे, तिथून ही बोली आलेली. किडा पाल्यावर राबराब राबतो आणि स्वतःभोवती धागा करतो, त्याच्या कमाईला 'तुटला' म्हणायचं नाही. तेव्हापासून माझाही धागा तुटत नाही, वाढतो.

प्रत्येकीच्या डोक्यावर खिळ्याला एक पाटी लटकवलेली आहे. धागा वाढला की पाटीवर खडूची एक रेघ मारायची. सांजेला मास्तर सगळ्या पाट्या पाहून वहीत उतरवतात. त्या वहीत त्या रकान्याला नावही तेच, 'वाढ'.

बेबीमावशींची पाटी कोरी. दिवाळीत पुसली होती तशीच. माझी पाटी, सात नंबरची, रेघांनी भरून जायची, आणि मी मनातल्या मनात मरून जायची.

*

कारण त्याच दिवसांत मास्तरांनी सांगितलं होतं की शेडला मोटरची दोन मशीन येणार आहेत. मोटरवाल्या दोघींना बाराही महिने काम. बाकीच्यांना कोसा येईल तेव्हा बोलावणार, नाही आला तर घरी. माझा नवरा नागपूरला बांधकामावर असतो, आठवड्यानं घरी येतो. घरी सासू, मी आणि परी. मला ते मशीन पाहिजे होतं. पण ज्या बाईचा धागा दिवसात पंधरा-वीसदा वाढतो तिला कोण मशीन देईल?

परी माझी मुलगी, चार वर्षांची. अंगणवाडी रस्त्याच्या पलीकडं आहे, साडेअकराला सुटते. सासू तिला घ्यायला येते. पण सासू दुसऱ्याच्या बांधीत, धानाच्या शेतात, कामाला जाते, तिला कधी उशीर होतो. आणि अंगणवाडीच्या मागं बोडी आहे, लहानसं तळं. पावसाळ्यात ती बोडी काठोकाठ भरते.

मागच्या वर्षी एकदा सासूला असाच उशीर झाला, आणि परी बोडीच्या पाळीवर बसलेली सापडली. काही झालं नाही. बसून पाण्याकडं पाहत होती. चपला काढून शेजारी नीट जोडून ठेवल्या होत्या.

त्या जोडून ठेवलेल्या चपला मला अजून दिसतात. रोज. साडेअकराला.

*

मॅडमचा पहिला प्रश्न गुलाबकाकांना होता. मी सातवी झालेली, अक्षर बरं, म्हणून मॅडमनी मला सोबत घेतलं होतं. कागदावर लिहिलं होतं तसं त्यांनी विचारलं, "काका, तुम्हाला किती ताण आहे?"

काका मागाकडं पाहून म्हणाले, "बावीस मीटरचा."

आता मागावर जो उभा धागा लावतात त्याला आमच्याकडं ताना म्हणतात. हे मला माहीत, काकांना माहीत. मॅडमला कुठून माहीत असणार? त्यांना वाटलं, काका मनातलंच सांगतात, पण आपल्या पद्धतीनं. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"रोज असतो?"

"रोज कसा? एक लावला की पंधरा दिवस चालते."

"आणि तो संपल्यावर? बरं वाटतं?"

"संपला की दुसरा लावतो."

"स्वतःच?"

"बायको मदत करते. एकट्यानं लागत नाही तो."

मॅडम भराभर लिहीत होत्या. मला हसू दाबून दाबून पोटात दुखायला लागलं. शेवटी मॅडमनी पेन खाली ठेवला आणि अगदी जपून विचारलं, "काका, समजा ताण अजिबात नसता, तर?"

काकांनी त्यांच्याकडं असं पाहिलं की हे काय विचारणं झालं.

"मंग खाचं काय, मॅडम?"

मी नंतर मॅडमला खरं काय ते सांगितलं. त्या खूप हसल्या. पण ती शेवटची ओळ त्यांनी काही खोडली नाही.

*

मॅडमनी एकदा आम्हाला मन शांत करायला शिकवलं. सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि नाकानं खोल, खूप खोल श्वास घ्यायचा.

तो कोसा उकळायचा दिवस होता. ज्यांनी कधी उकळता कोसा पाहिला नाही त्यांना सांगते, कोशाच्या आत किडा असतो, आणि तो किडा सोड्याच्या पाण्यात शिजतो. आम्हाला सवय आहे. आम्ही आठ जणींनी डोळे मिटून छान खोल श्वास घेतला.

डोळे उघडले तेव्हा मॅडम शेडमध्ये नव्हत्या. हातपंपावर होत्या.

*

मग मॅडमनी भिंतीवर एक कागद चिकटवला. त्यावर पाच तोंडं काढली होती. एक खूप हसरं, एक थोडं हसरं, एक नुसतंच, एक उदास आणि शेवटचं रडकं. सकाळी आल्यावर आपल्याला जसं वाटत असेल त्या तोंडाखाली एक टिकली लावायची. नाव लिहायचं नाही, कोणाला सांगायचं नाही.

मास्तर तिथंच खुर्ची टाकून बसायचे. त्यामुळं सगळ्या जणी हसऱ्या तोंडाखाली टिकली लावून पुढं. मीही. रात्रभर परीला ताप असला तरी मी खूप हसरी.

पण रडक्या तोंडाखाली रोज एक टिकली सापडायला लागली. मोठी, लाल, जुन्या पद्धतीची. तसली टिकली शेडमध्ये एकच बाई लावते. मॅडमला काळजी लागली. एवढं वय, सतत हसणं-बोलणं, आणि आत हे? चौथ्या दिवशी त्यांनी बेबीमावशींना बाहेर चिंचेखाली नेलं. आम्ही खिडकीतून पाहत होतो. मॅडम हळू हळू बोलत होत्या, मावशी मान डोलवत होत्या. मग मावशींनी साडी गुडघ्याच्या वर सरकवून आपली मांडी दाखवली. ही पायाची चाकं यायच्या आधी मावशींनी पस्तीस-चाळीस वर्षं मांडीवर घासून धागा काढला. तिथं कातडी अशी गुळगुळीत झाली आहे की त्या स्वतःच म्हणतात, मच्छर बसला त घसरून पडते.

मॅडमचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं, सापडलं दुःख. त्यांनी विचारलं, म्हणून तुम्ही रोज त्या रडक्या चेहऱ्याखाली टिकली लावता का?

मावशी म्हणाल्या, "नाही वो. त्याच्याखाली कोणीच लावत नाही. एकटं वाटत असंल त्याले."

*

फोनच्या डब्याची गोष्ट मास्तरांची. फोन वाजला की बाई दचकते आणि धागा वाढतो, हे मास्तरांनी मॅडमच्या आधीच शोधून काढलं होतं. त्यांनी बिस्किटाचा रिकामा पत्र्याचा डबा आणला आणि सगळ्यांचे फोन त्यात ठेवायला लावले.

पहिल्या दिवशी दहा वाजता डबा वाजला. आंधळगावच्या एकाच दुकानातून आम्ही फोन घेतलेले, आठ जणींची रिंग एकच. प्रत्येकीला वाटलं आपलाच. सहा धागे एका दमात वाढले.

मास्तरांनी सगळे फोन मुके केले. ते आणखी वाईट. आता डबा वाजायचा नाही, नुसता थरथरायचा, आणि डब्यातले आठ फोन एकमेकांवर खडखडायचे. काम राहिलं बाजूला, आठही जणींचे कान डब्याकडं. मी तर डबा गप्प असला तरी उठून बघायची. मला वाटायचं, सासूनं केला असेल आणि ऐकू आला नसेल. मॅडमनी मला विचारलं, डबा शांत असताना तुम्ही कशाला उठता? मी म्हटलं, "शांत आहे म्हणूनच."

चौथ्या दिवशी डबा खडखडला आणि कोणाचाच फोन नव्हता. मास्तरांनी स्वतःचाही नजरचुकीनं त्यातच टाकला होता, आणि त्यांची बायको अर्ध्या तासापासून लावत होती.

दुसऱ्या दिवसापासून फोन पुन्हा आमच्या कमरेला.

*

महिना झाला. मॅडमनी आम्हाला एक काम सांगितलं होतं. पाटीवर रेघ मारली की शेजारी वेळही लिहायची. आम्ही लिहीत होतो. मॅडम सांजेला पाट्यांचे फोटो काढायच्या आणि मास्तरांच्या वहीचाही.

मग ऑफिसचा कागद आला. मास्तरांनी चष्मा लावून शेडच्या मधोमध उभं राहून वाचला. नव्या मशीनसाठी दोन नावं. पहिलं, सात नंबर. दुसरं, चार नंबर.

सात नंबर म्हणजे मी. चार नंबर छाया. माझ्यानंतर सगळ्यात जास्त रेघा तिच्याच असायच्या.

मला आधी काही समजलंच नाही. मास्तर पुढं वाचत होते. दोन नंबरची वाढ काहीच नाही, तिला चाकावरून काढून कोसे निवडायला बसवावं. दोन नंबर म्हणजे बेबीमावशी.

कागदासोबत मॅडमचं चित्र जोडलं होतं. आठ रंगीत खांब. सगळ्यात उंच खांब माझा. मावशींचा खांब म्हणजे नुसती जमीन. खाली लिहिलं होतं 'वाढ'. ते पाहिलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मॅडमला वाटलं होतं, एक रेघ म्हणजे एक लडी जास्त काढली. जेवढ्या रेघा तेवढी कामाची वाढ!

मी मास्तरांकडं पाहिलं. त्यांनाही समजलं होतं. ते नुसते कान खाजवत होते. ऑफिसचा कागद चुकला हे ऑफिसला कोण सांगणार?

मावशींनी हातातला धागा खाली ठेवला. उठल्या, सूप घेतलं आणि कोशांच्या ढिगाजवळ जाऊन बसल्या. चाळीस वर्षांचा हात. खराब कोसे इकडं, चांगले तिकडं.

छायानं मला कोपर मारलं. "गप राय. तुह्या पोरीसाठी देवानंच चूक केली."

आणि मी गप्प राहिले. खोटं कशाला सांगू, दोन दिवस गप्प राहिले. मी स्वतःला सांगत होते की मी थोडंच काही केलं, मी तर खऱ्याच रेघा मारल्या.

मावशींचा नवरा तलावात मासे धरतो. मावशी जेवणाच्या सुट्टीत रोज माझ्या डब्यात झिंग्यांची चटणी टाकतात, मी कामाला लागले तेव्हापासून. कागद आला त्या दिवशीही टाकली. दुसऱ्या दिवशीही सूप बाजूला ठेवून, हात पुसत आल्या, आणि टाकली. "खा. मोटर चालवाची आहे तुले आता," म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर घास उतरला असता.

*

मी डबा तसाच झाकून मॅडमकडं गेले. त्या चिंचेखाली बसून लिहीत होत्या.

मी म्हटलं, "मॅडम, वाढला म्हणजे तुटला."

"म्हणजे?"

"म्हणजे माझा खांब उलटा आहे."

मग सगळं सांगितलं. बांगडीपासून. मॅडमनी ते चित्र बॅगेतून काढलं आणि खरंच उलटं धरलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. म्हणाल्या, माणसं कुठं चुकतात ते शोधायला आले, आणि सगळ्यात मोठी चूक मीच केली. मग विचारलं, "तुम्हाला मशीन मिळत होतं. तुम्ही का सांगितलं?"

मी खूप विचार केला. दुसरं काही सुचेना.

"झिंग्यांमुळं," मी म्हटलं.

त्यांनी तेही लिहून घेतलं. मग माझ्या पाटीचे महिनाभराचे फोटो फोनवर उघडून एकेक पाहायला लागल्या. मलाही दाखवले. मी रोज त्या रेघा मारत होते, पण अशा एकापुढं एक कधी पाहिल्या नव्हत्या. सकाळी काही नाही. दुपारी दोननंतर एखादी. साडेअकरा ते साडेबारा मात्र नुसतं रान माजलेलं.

"साडेअकराला काय होतं?"

"काही होत नाही. परी सुटते."

मॅडमनी विचारलं, हात चाकावर असताना मन कुठं असतं? मी म्हटलं, अंगणवाडीच्या गेटवर. परी घरी पोचली असा सासूचा फोन आला, की मन परत येतं. मला स्वतःलाच नवल वाटलं. मी समजत होते माझा हात वाईट आहे. हात तर सकाळभर चांगला होता!

*

मॅडमनी ऑफिसला फोन करून आपली चूक सांगितली. फोन बराच वेळ चालला, आणि त्या उभ्यानंच बोलत होत्या. बेबीमावशी त्याच दिवशी परत चाकावर बसल्या आणि पहिलं मशीन त्यांच्या नावावर झालं. दुसऱ्याचं काय, ते ऑफिसनं मास्तरांवर सोडलं.

मास्तर म्हणाले, एका तासाची परीक्षा घेऊ. ज्या तासाला सगळ्यात जास्त वाढतो तोच तास. साडेअकरा ते साडेबारा. जिच्या पाटीवर सगळ्यात कमी रेघा, तिचं मशीन. मावशींचं ठरलेलंच आहे, पण त्याही चाक चालवतील.

मी म्हटलं, झालं. यापेक्षा नावाची चिठ्ठी काढली असती तर बरं.

तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "सपनाचं चाक खिडकीत लावा. तिथून अंगणवाडीचं गेट दिसते."

मास्तर म्हणाले, खिडकीतून वारा येतो, ओला धागा वाळतो, जमणार नाही. गुलाबकाकांनी न विचारता एक बारदाना पाण्यात बुडवला आणि खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागावर बांधून टाकला. वरचा अर्धा मोकळा. मास्तर म्हणाले, बरं बापा, लावा.

*

धानाच्या रोवण्याचे दिवस होते. बांधीबांधीत बाया वाकलेल्या, बोडी काठोकाठ. त्या दिवशी सासू आमच्या गावातल्याच एका बांधीत रोवण्याला गेली होती. मी सकाळी तिला चारदा सांगितलं होतं, आई, साडेअकरा. ती चिडून म्हणाली होती, "मले घड्याळ समजते, बाई."

साडेअकराला चाकं सुरू झाली. मास्तर दारात खुर्ची टाकून बसले. मॅडम भिंतीपाशी पेन घेऊन उभ्या.

गेट उघडलं. पोरं निघाली. कोणाची आई, कोणाचा आजा, एकेकाला घेऊन गेले. परी राहिली. गेटच्या पाइपाला दोन्ही हातांनी धरून उभी. सासू नाही.

मी गेटकडं पाहत होते. नुसती पाहत होते. परी होती तिथंच होती. तिच्या पायात चपला होत्या. पाइपाला लटकली, उतरली, परत लटकली. सात मिनिटं झाली असतील. दहा झाली असतील. माझ्या बोटांत धागा चालला होता, हे मला बोटांनी सांगितलं, मी काही त्यांच्याकडं पाहिलं नाही.

मग मला वाटलं, शेडमध्ये एवढं शांत कसं काय?

मान वळवून पाहिलं. शेडमधली सगळी चाकं थांबली होती. सात बाया, सातही जणींच्या माना माझ्या डोक्यावरून खिडकीकडं ताणलेल्या. छाया तर अर्धी उभी झाली होती. फक्त माझंच चाक फिरत होतं.

"आली," बेबीमावशी म्हणाल्या.

रस्त्यानं सासू येत होती. गुडघ्यापर्यंत चिखल, लुगडं खोचलेलं, जवळजवळ पळत. परीनं पाइप सोडला.

मास्तर उठून आत आले. विचारलं, काय झालं, चाकं काहून बंद? मावशींनी दोन हातांत दोन टोकं धरून त्यांना दाखवली.

"वाढला."

"माहा पण," छाया म्हणाली. मग तिसरी, चौथी. सातही जणींनी खडू उचलला आणि आपापल्या पाटीवर एकेक रेघ मारली. दिवाळीपासून कोऱ्या असलेल्या मावशींच्या पाटीवरही. नियमाप्रमाणं शेजारी वेळ लिहिली. सातही ठिकाणी वेळ एकच.

साडेबारापर्यंत मग कोणाचाच वाढला नाही. माझी पाटी कोरी राहिली.

मॅडम एकेका पाटीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. माझ्या पाटीसमोर जास्तच वेळ. मग मास्तरांकडं वळून त्यांनी विचारलं, सात जणींचा, एकाच मिनिटाला? असं कसं होऊ शकतं?

मास्तरांनी मावशींकडं पाहिलं. मावशी चाकावरचा धागा आवरण्यात गुंतल्या होत्या. मास्तरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि वही मिटली.

"रोवण्याच्या दिवसांत होते असं कधीमधी," ते म्हणाले.